फेज कुठे आहे ते तपासूनच घर ताब्यात द्या : वायरमन मित्रांना खुलं पत्र

घरांचं वायरिंग करणाऱ्या माझ्या मित्रांनो, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुला-मुलींनो,

सप्रेम नमस्कार.

सॉकेटच्या कोणत्या भोकात फेज, म्हणजे जिवंत तार, येते आणि कोणत्या भोकात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, एवढ्या एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे. गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, शिकताना पहिल्या आठवड्यातच ती सांगितली जाते. तरीही दुरुस्तीला गेल्यावर मी टेस्टर लावतो तेव्हा अधूनमधून तो डाव्या भोकात पेटतो, म्हणजे फेज उजवीकडे हवी ती डावीकडे आलेली असते. सॉकेट उघडून पाहावं तर काम नीटनेटकं असतं. स्क्रू घट्ट, तारा बेताच्या सोललेल्या, एकही तंतू बाहेर नाही. हात चांगला, फक्त दोन तारांची अदलाबदल झालेली. आणि त्या घरात वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललेलं असतं, म्हणून कोणी पाहिलेलं नसतं.

माझी तक्रार आहे ती या ‘चाललेलं असतं’बद्दल. काम संपलं की आपण काय करतो? एक दिवा लावून पाहतो, पंखा फिरवून पाहतो, मोबाइलचा चार्जर खोचून पाहतो. चालला, की हत्यारं पिशवीत. पण फेज आणि न्यूट्रल उलट जोडले तरी दिवा तेवढाच उजेड देतो, पंखा त्याच दिशेने तेवढाच फिरतो. त्या दोन तारा बरोबर आहेत की नाहीत हे दिवा सांगूच शकत नाही, आणि आपण नेमकं त्यालाच विचारतो.

शिकाऊ मुलं विचारतात, आणि बरोबरच विचारतात: घरातल्या एसी विजेत प्लस-मायनस नसतं, ५० हर्ट्झला करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, मग पोलॅरिटी कसली? दिव्याच्या आतल्या तारेपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे, तिथे काहीच फरक पडत नाही. फरक आहे तो बाहेर, आपण जिथे उभे असतो तिथे. ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो. आपले पाय त्याच जमिनीवर. त्यामुळे न्यूट्रलची पातळी जवळपास आपल्याइतकीच राहते आणि फेज आपल्यापासून २३० व्होल्ट दूर. ‘पोलॅरिटी’ हा शब्द इथे खरं तर नीट बसत नाही, पण तोच रुळला आहे म्हणून मीही वापरतो. मुद्दा इतकाच, की या दोन तारांपैकी एक जमिनीला बांधलेली आहे आणि दुसरी नाही. स्विच, फ्यूज, होल्डर, प्लग या सगळ्यांची रचना त्या एका गोष्टीवर उभी आहे.

स्विचचंच बघा. घरातला साधा स्विच एकच तार तोडतो. ती फेज असली तर स्विच बंद केल्यावर पुढचं सगळं मेलेलं असतं. ती न्यूट्रल निघाली तर दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट तसेच उभे राहतात. दिवा विझलेला पाहून माणूस निर्धास्त हात घालतो.

मी घातला होता. होल्डर बदलायला लोखंडी शिडीवर चढलो होतो. स्विच स्वतःच्या हाताने बंद केला, दिवा विझलेला पाहिला आणि टेस्टर खिशातून काढलाच नाही. बोट होल्डरच्या पिनेला लागलं, झटका बसला आणि मी खाली आलो. मनगट मोडलं. सुदैव एवढंच, की झटक्याने हात सुटला. दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे करंट गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. मुठीत धरलं असतं तर हे पत्र लिहायला मी राहिलो नसतो. ते वायरिंग दुसऱ्या कोणाचं असतं तर मी चिडलो असतो. ते माझंच होतं, तीन वर्षांपूर्वीचं. जंक्शन बॉक्समध्ये संध्याकाळच्या घाईत दोन तारा उलट पिळल्या होत्या. तीन वर्षं त्या घरातली माणसं त्या खोलीत राहत होती, दिवे पुसत होती, बल्ब बदलत होती. मनगट भरून आलं, पण हा विचार काही केल्या जात नाही.

फ्यूजचंही तेच. न्यूट्रलमधला फ्यूज उडाला की उपकरण बंद पडतं, पण फेज आत तशीच राहते. म्हणून तर जमिनीला बांधलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा स्विच किंवा फ्यूज घालायचा नाही, तोडायचाच असेल तर फेजबरोबर एकाच वेळी तुटेल असा जोडस्विच हवा, हे भारतातल्या १९५६ च्या विद्युत नियमांतही स्पष्ट लिहिलेलं होतं. ब्रिटनमध्ये १९४७ साली आलेल्या बीएस १३६३ या प्लगमध्ये फ्यूज प्लगच्या आतच असतो, फेजच्या पिनेला जोडलेला. तिथे सॉकेट उलट जोडलं, की तो फ्यूज आपोआप न्यूट्रलमध्ये जाऊन बसतो. प्लग बनवणाऱ्याने काळजी घेतली आणि भिंतीमागे आपण ती घालवली, असं होतं ते. तो प्लग ज्या विचारातून आला ती युद्धोत्तर घरांच्या वायरिंगची समिती १९४२ मध्ये नेमली होती. तिच्यात कॅरोलिन हॅस्लेट या एकमेव बाई होत्या आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेचा आग्रह त्यांनी लावून धरला होता. भोकांवरची झडप आणि ती उघडणारी लांब अर्थ पिन, म्हणजे जमिनीला जोडलेली पिन, ही त्या आग्रहाची फळं. कोणीतरी इतका विचार करून ठेवला आहे, हे सॉकेट हातात घेताना मला आठवतं.

स्क्रूच्या होल्डरबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे चूक सर्रास होते. या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांच्या कड्याला जोडायचा. उलट झालं तर बल्ब फिरवताना त्याच्या धातूच्या मानेला बोट लागतं आणि त्या मानेत फेज असते. टेबललॅम्प दोन पिनांच्या प्लगवर असेल तर तुम्ही आत कितीही बरोबर जोडा, प्लग उलटा खोचला की सगळं उलटं. म्हणून असा दिवा दुरुस्त करायला आला तर मी घरच्यांना सांगतो, बल्ब बदलताना प्लगच उपसा, स्विचवर विसंबू नका. उघड्या कॉइलच्या हीटरलाही हाच नियम.

आता चूक होते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिली जागा म्हणजे सॉकेटची मागची बाजू. समोरून पाहताना, अर्थचं मोठं भोक वर धरलं, तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे. हे आपल्याला पाठ असतं. पण तारा जोडताना सॉकेट हातात उलटं धरलेलं असतं, टर्मिनल आपल्याकडे असतात आणि उजवं ते डावं झालेलं असतं. प्लगमध्ये आणखी घोळ: पिना आपल्याकडे करून धरला तर फेजची पिन डावीकडे दिसते, कारण ती जाऊन बसायची आहे समोरच्या उजव्या भोकात. मी स्वतः डावं-उजवं लक्षात ठेवणं सोडून दिलं आहे. टर्मिनलशेजारी कोरलेलं एल (फेज), एन (न्यूट्रल) आणि अर्थची खूण वाचतो. अक्षरं बारीक असतात, धुळीत दिसत नाहीत, मग बॅटरी मारून वाचतो. आरशात पाहिल्यासारखं डोक्यात उलटं करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

शिवाय ‘फेज उजवीकडे’ हा जगाचा नियम नाही. अमेरिकेतल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये अर्थ खाली धरली तर फेज उजवीकडे येते, म्हणजे अर्थ वर करून लावलेल्या सॉकेटमध्ये ती डावीकडे गेली. म्हणून तिथे भोकांची रुंदीच वेगळी ठेवली आहे, न्यूट्रलची चीर लांब आणि फेजची आखूड. स्क्रूही वेगळे, पितळी फेजला, चांदीच्या रंगाचा न्यूट्रलला, हिरवा अर्थला. ऑस्ट्रेलियात अर्थ खाली असते आणि फेज डावीकडे. परदेशी सॉकेट बसवताना किंवा बाहेरून आणलेल्या उपकरणाचा प्लग बदलताना पाठांतर उपयोगाचं नाही.

इथे कोणी जर्मनीचा दाखला देईल, आणि दिलेलाही आहे. तिथला गोल शुको प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, फेज कोणत्या पिनेला येईल हे ठरलेलंच नाही, मग आपणच कशाला काटेकोर राहायचं? कारण तिथे उपकरण बनवणारा हे गृहीत धरूनच बनवतो, की दोन्ही पिनांपैकी कोणत्याही पिनेतून फेज येईल. आणि भिंतीतल्या दिव्याच्या स्विचने फेजच तोडायची, हा नियम तिथेही आहे. जिथे प्लग एकाच बाजूने बसतो तिथे उपकरण बनवणारा आपल्यावर विश्वास टाकून एकाच तारेत स्विच घालतो. सगळीच उपकरणं उलटी जोडणी मुकाट सोसतात असंही नाही. ज्योतीतून जाणाऱ्या सूक्ष्म करंटवरून ज्योत पेटली की नाही हे ओळखणारे कित्येक गॅस बॉयलर फेज-न्यूट्रल उलट असले तर ज्योत पेटूनही ‘पेटली नाही’ असं समजून बंद पडतात. माणूस सर्किट बदलत बसतो, आणि दोष सॉकेटात.

चुकीची दुसरी जागा म्हणजे रंग. भारतातल्या जुन्या पद्धतीत तीन फेजना लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. उपकरणाबरोबर येणाऱ्या दोरीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्टा अर्थ. म्हणजे भिंतीतली निळी फेज असू शकते आणि दोरीतली निळी न्यूट्रल, आणि दोघी एकाच बोर्डात भेटतात. ब्रिटनने नव्या कामात २००६ पासून तपकिरी-निळा सक्तीचा केला, पण जुन्या भिंतींत लाल-काळा तसाच आहे. अमेरिकेत काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. काळ्या तारेला एका देशातला वायरमन निर्धास्त हात लावेल, दुसऱ्या देशातला जपून. त्यात आपल्याकडून आणखी भर पडते: लाल वायर संपली, पिवळी पुरली नाही, मग हातात असेल त्या रंगाची ओढली. ओढावी लागली तर निदान दोन्ही टोकांना योग्य रंगाची टेप गुंडाळा. हिरवी मात्र कधीच, कितीही अडलं तरी, फेजला वापरू नका. नंतर येणारा माणूस ती अर्थ समजूनच धरेल. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, थोडी नाहीत. अर्थच्या तारेला दोन रंगांचा पट्टा असल्याने त्यांनाही ती वेगळी ओळखता येते. मी तर म्हणतो, रंग म्हणजे आधीच्या वायरमनने दिलेला शब्द आहे, आणि तो टेस्टर लावल्याशिवाय खरा मानू नये.

आता ज्या कामासाठी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लिहितो. जुन्या घरात दोनच तारा आलेल्या असतात, अर्थ नसते. घरवाल्याला तीन पिनांचं सॉकेट हवं असतं. मग कोणी तरी सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलला वितभर तारेचा जम्पर मारतो. न्यूट्रल शेवटी जमिनीलाच तर गेला आहे, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब पहिल्यांदाच चुकतो, कारण वाटेत कुठेही न्यूट्रल सुटला की उपकरणाचा पत्रा त्या उपकरणातूनच फेजला जोडला जातो. पण याच सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटही असले तर? मग न्यूट्रल समजून ज्या टर्मिनलवरून जम्पर मारला तिथे फेज आहे. अर्थच्या पिनेत थेट फेज. फ्रिज, इस्त्री, वॉशिंग मशीन, ज्याचं म्हणून अंग धातूचं आहे आणि जे तीन पिनांवर चालतं, त्याच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट. आणि उपकरण चालतं. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारी स्विच, पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही.

हे मी वाचून सांगत नाही. एका घरी वॉशिंग मशीनला हात लावला की शॉक बसतो म्हणून मला बोलावलं होतं. त्यांनी आधीच एक मशीन बदललं होतं, नव्यालाही तेच. घरातल्या आजी रबरी चपला घालून कपडे काढायच्या. मी मल्टिमीटर लावला: फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ शून्य. वाचन अगदी पुस्तकासारखं. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर खोचला, त्यानेही ‘बरोबर’ दाखवलं. दोघेही खोटं बोलत नव्हते. त्यांना तीन भोकांमधला फरकच मोजता येतो, त्या तिघांचं जमिनीशी नातं काय हे कळत नाही. शेवटी साधा निऑनचा टेस्टर अर्थच्या भोकात घातला आणि तो पेटला. सॉकेट उघडल्यावर जम्पर सापडला. तारा उलट जोडणाऱ्याने आणि जम्पर मारणाऱ्याने एकमेकांचं काम पाहिलंही नसेल.

त्या घरात आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारी स्विच, नव्हती. असती तर आजींच्या अंगातून जमिनीत करंट वाहू लागताच, ३० मिलिअँपिअरच्या आत तिने लाइन तोडली असती. झटका बसला असता, जीव वाचला असता. ही कल्पना घराघरांत पोहोचवण्यात चार्ल्स डॅल्झिएल या अमेरिकी प्राध्यापकांचा मोठा वाटा आहे. माणूस किती करंट सोसू शकतो याचा अभ्यास करून त्यांनी १९६१ मध्ये असं यंत्र तयार केलं. पण आरसीसीबीमुळे उलट जोडणी सुधारत नाही, हेही लक्षात असू द्या. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे ना, एवढंच ती पाहते. फेज डावीकडून येते की उजवीकडून, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे ‘आरसीसीबी आहे, काळजी नको’ हे घरवाल्याने म्हटलं तर समजू शकतो, आपण म्हणू नये.

म्हणून माझी विनंती कामाच्या शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल आहे. तारा ओढून झाल्या, जोडून झाल्या, अजून मेन दिलेली नाही, तेव्हाच कंटिन्युइटी घ्या, म्हणजे तार सलग पोहोचते का ते मीटरने बघा: डीबीतल्या (घरातल्या मुख्य वितरण पेटीतल्या) फेजच्या तारेपासून प्रत्येक सॉकेटच्या फेज टर्मिनलपर्यंत, प्रत्येक स्विचपर्यंत, स्क्रूच्या प्रत्येक होल्डरच्या मधल्या टोकापर्यंत. मग मेन द्या आणि प्रत्येक सॉकेटवर तिन्ही जोड्या मोजा. एकही सॉकेट सोडू नका; मी पाहिलेल्या चुका बहुतेक शेवटच्या, कोपऱ्यातल्या, कपाटामागच्या सॉकेटमध्ये होत्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखे हवेत. न्यूट्रल ते अर्थ थोडेसेच व्होल्ट.

हे ‘थोडेसे’ नीट बघा, त्यात बरंच कळतं. त्याच सर्किटवर एखादा मोठा लोड चालू ठेवून मोजा. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम असतो. २० मीटर लांब न्यूट्रलमधून १० अँपिअर वाहत असले तर तिच्यावर दीड व्होल्ट पडायलाच हवेत. डीबीपासून इतक्या लांब, लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी शून्य आलं, तर खूश होऊ नका. जवळपास कुठे तरी जम्पर आहे, सॉकेट उघडा.

आणि नंतर टेस्टर. उजव्या भोकात पेटला पाहिजे, डाव्यात आणि अर्थमध्ये विझलेला राहिला पाहिजे. अर्थचं भोक तपासायची सवय आपल्याकडे नाही, ती लावून घ्या. टेस्टरच्याही मर्यादा आहेत: लख्ख उन्हात पेटलेला दिसत नाही, न्यूट्रल तुटलेला असला आणि एखादं उपकरण चालू ठेवलेलं असलं तर दोन्ही भोकांत पेटतो, आणि स्वतःच बिघडलेला असला तर सगळीकडेच विझलेला. म्हणून आधी जिथे नक्की फेज आहे तिथे लावून बघा, मग काम करा, आणि काम झाल्यावर पुन्हा तिथेच लावून बघा.

बंद केलेला एलईडी दिवा मंद पेटत राहतो, ही तक्रार अलीकडे फार येते. घरवाला दिवा बदलून घेतो. तुम्ही आधी स्विच कोणत्या तारेत आहे ते बघा. स्विचमध्ये इंडिकेटर असला किंवा तारा लांबवर शेजारून गेल्या असल्या तर फेज बरोबर तोडूनही असं होतं. पण स्विच न्यूट्रलमध्ये आहे हे कळायची ही बऱ्याचदा पहिली खूण असते, आणि ती फुकट मिळालेली असते.

एक्स्टेन्शन बोर्डांबद्दल थोडक्यात. घरी जोडलेला प्रत्येक बोर्ड संशयित धरा. प्लगमध्ये एक चूक, बोर्डात दुसरी चूक, मग दोन्ही मिळून टेस्टर बरोबर दाखवतो. आणि पुढे कोणी तरी प्लग बदलताना तो नीट जोडतो तेव्हा बोर्ड उलटा होतो.

दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या, चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणांना फेज कुठूनही आली तरी चालतं. त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं. त्यामुळे प्रत्येक चार्जरवरून घरवाल्यांना घाबरवू नका. भीती सगळीकडे वाटली की जिथे खरोखर जपायला हवं तिथलं म्हणणंही लोक ऐकत नाहीत.

मला माहीत आहे, हा अर्धा तास कोणी मोजून देत नाही. ठेकेदार घाईत असतो, घरवाल्याला रंगकाम सुरू करायचं असतं, आणि तपासलेलं सॉकेट न तपासलेल्यासारखंच दिसतं. ठेकेदारांनी हा वेळ कामातच धरावा असं मला वाटतं, आणि त्यासाठी वायरमननेच आधी बोललं पाहिजे. मी आता एक कागद करतो. खोलीवार सॉकेटची यादी, समोर तिन्ही मोजमापं, तारीख, सही. तो कागद डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवतो. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी अठरा सॉकेट तपासली आणि सतरावं उलट निघालं. मीच जोडलेलं होतं. तिथल्या तिथे स्क्रू सैल करून तारा बदलल्या, पुन्हा मोजलं आणि कागदावर लिहिलं.

तुमचा,
एक वायरमन